सॅक पाठीवर घेऊन गटाबरोबर इजिप्त : चालही सांभाळायची आहे आणि वेळही

प्रश्न : मंदपावली

नमस्कार. येत्या जानेवारीत मी एका लहान गटाबरोबर बारा दिवसांसाठी इजिप्तला जात आहे. गटात चौदा जण आणि एक टूर लीडर आहे. आपापले सामान पाठीवर वाहायचे, साध्या हॉटेलांत उतरायचे आणि एका गावाहून दुसऱ्या गावी शक्यतो रेल्वेने किंवा बोटीने जायचे, असे सहलीचे स्वरूप आहे. सुरुवातीचे दोन दिवस कैरो आणि गिझा, मग रात्रीच्या गाडीने अस्वान, तिथून एका दिवसात अबू सिंबेलच्या मंदिरांना जाऊन येणे, एक रात्र नाईलवर फेलुका या शिडाच्या होडीत, पुढे कोम ओम्बो आणि एदफू इथली मंदिरे पाहत लक्सरला तीन दिवस आणि शेवटी पुन्हा दीड दिवस कैरो, असा मार्ग ठरला आहे.

माझे वय बावन्न आहे. चालण्याची सवय आहे, परंतु जिने चढताना डावा गुडघा कुरकुरतो, आणि गटातले बहुतेक जण माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान आहेत. त्यामुळे सॅक किती मोठी घ्यावी आणि ग्रेट पिरॅमिडच्या आत जाण्याचा हट्ट धरावा की नाही, हे दोन प्रश्न आहेतच; पण खरी काळजी वेगळी आहे. एखाद्या कोरीव भिंतीपुढे अर्धा तास उभे राहिल्याशिवाय मला ती पाहिल्यासारखी वाटत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत, दुसऱ्या देशात, आम्हाला एका प्राचीन मंदिरात चाळीस मिनिटे मिळाली आणि त्यानंतर गालिच्यांच्या दुकानात दीड तास. तो दिवस अजून मनातून जात नाही. या वेळी गटाला न अडवता स्वतःपुरता वेळ कसा काढावा, आणि कैरोत मोकळा असलेला अर्धा दिवस एकटीने कसा घालवावा, हे तिथे जाऊन आलेल्यांनी सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर : रेतीतली वाट

याच मार्गाने मी दोनदा गेलो आहे, एकदा गटाबरोबर आणि एकदा एकटा. गटाचा उपयोग रेल्वेची तिकिटे, पहाटेची वाहने, होडीवाल्याशी घासाघीस अशा कामांसाठी पुरेपूर करून घ्यावा, आणि मंदिराच्या दारातून आत शिरल्यावर मात्र आपण एकट्याच आलो आहोत असे समजून वागावे, हा माझा अनुभव आहे. गटाला राग येईल असे आपल्याला वाटते, परंतु ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जो हजर असतो त्याच्याविषयी कोणाचीही तक्रार नसते.

सॅकविषयी. पस्तीस ते चाळीस लिटरची सॅक पुरेशी होते आणि भरलेले वजन आठ किलोच्या आत ठेवावे. चालताना आठ आणि बारा किलोंतला फरक फारसा जाणवत नाही. तो जाणवतो फेलुकावर चढताना. काठापासून होडीपर्यंत एक अरुंद फळी टाकलेली असते, ती प्रत्येक पावलागणिक खाली दबते, आणि पलीकडे होडीवाला हात पुढे करून उभा असतो. त्या वेळी पाठीवरचे ओझे आपल्याला पाण्याकडे ओढणारे नसावे. होडीवर अंगाखाली गाद्या असतात. शौचालय बहुधा नसते, त्यासाठी होडी काठाला लावतात. जानेवारीत नदीवरची रात्र चांगलीच गार असते आणि रात्रीच्या रेल्वेतले वातानुकूलनही बेताचे नसते, तेव्हा एक उबदार जाकीट आणि कानटोपी सॅकमध्ये अगदी वर ठेवावी.

आता वेळेविषयी. लक्सरच्या पश्चिम तीरावरची राजांची दरी ही आपल्यासारख्या माणसासाठी सर्वांत सोयीची जागा आहे, कारण गाइडला थडग्यांच्या आत माहिती सांगण्याची परवानगी नसते. तो बाहेरच सावलीत उभा राहून सर्व सांगतो आणि मग प्रत्येक जण आपापला आत जातो. साध्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. तुतानखामुन, सहावा रामसेस आणि पहिला सेती यांच्या थडग्यांना वेगळे तिकीट पडते. गटातले बहुतेक जण तुतानखामुनकडे धावतात. त्याची ममी तिथे आहे, परंतु थडगे लहान आहे, रंगवलेले दालन एकच आहे आणि वस्तू बहुतेक कैरोत गेल्या आहेत. आपण तेवढ्या वेळात शेजारच्या सहाव्या रामसेसच्या थडग्यात जावे. तिथल्या शवदालनाच्या छतावर आकाशदेवता नूट दुहेरी आकृतीत पसरलेली आहे, संध्याकाळी सूर्याला गिळणारी आणि पहाटे पुन्हा जन्म देणारी, आणि ते छत मान दुखेपर्यंत पाहावे असे आहे. हे थडगे खोदताना निघालेला राडारोडा आणि त्यावर उभ्या राहिलेल्या मजुरांच्या झोपड्या यांच्याखाली तुतानखामुनचे दार गाडले गेले. ते १९२२ साली हॉवर्ड कार्टर या पुरातत्त्वज्ञाला सापडेपर्यंत जवळजवळ शाबूत राहिले याचे एक मोठे कारण हेच. गुडघ्याच्या दृष्टीने चौथ्या रामसेसचे थडगे सोपे आहे, कारण उतार सौम्य आहे. तिसऱ्या थुटमोसच्या थडग्याला मात्र आधी उंच लोखंडी जिना चढून मग खोल उतरावे लागते. ते सोडून द्यावे.

लक्सरच्याच कर्नाक मंदिरात नेमकी उलट परिस्थिती असते. तिथला गाइड १३४ खांबांच्या सभामंडपात गटाला एकत्र उभे करून बोलत राहतो आणि पाहण्याचा वेळ त्यातच संपतो. म्हणून प्रवेशद्वारापाशीच, त्याने बोलायला सुरुवात करण्याआधी, टूर लीडरला सांगून ठेवावे की मी दीड तासाने अमुक जागी येऊन मिळते. मधूनच निसटलेले कोणालाही आवडत नाही. सभामंडपात शिरल्यावर आधी वर पाहावे : मधल्या रांगांतले बारा खांब सुमारे २१ मीटर उंच आहेत, आणि त्यांच्यावरच्या तुळयांच्या खालच्या अंगाला, जिथे ऊन पोचत नाही, तिथे निळा आणि तांबडा रंग अजून टिकून आहे. गट पवित्र तलावाकडे वळला की आपण डाव्या हाताच्या खुल्या संग्रहालयाकडे जावे. पहिल्या सेनुस्रेत राजाचे पांढरे देवालय तिथे आहे. तिसऱ्या महाद्वाराच्या पोटात भर म्हणून घातलेले त्याचे दगड बाहेर काढून ते पुन्हा रचले आहे. मी दोन्ही वेळा गेलो तेव्हा तिथे पहारेकऱ्याखेरीज कोणी नव्हते.

पिरॅमिडच्या आत अवश्य जावे, असे माझे मत आहे. इतक्या दूर जाऊन दाराशी परत फिरणे मनाला लागून राहते.

उत्तर : जुना नकाशा

वरील उत्तरातला शेवटचा परिच्छेद सोडला तर बाकी सर्वाशी मी सहमत आहे. गुडघा कुरकुरणाऱ्या व्यक्तीने ग्रेट पिरॅमिडच्या आत जाऊ नये, असे मला स्वच्छ सांगावेसे वाटते. वर जाणारा बोळ जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. त्यात लाकडी फळ्यांवर ठोकलेल्या आडव्या पट्ट्यांवर पाय ठेवत, कमरेत वाकून चढावे लागते, आणि समोरून उतरणारी माणसेही त्याच बोळातून येत असतात. त्यानंतरची मोठी गॅलरी साडेआठ मीटर उंच आहे आणि ती भव्य आहे यात शंका नाही. पण राजाच्या दालनात पोचल्यावर दिसतात त्या उघड्या ग्रॅनाइटच्या भिंती आणि एक झाकण नसलेली दगडी शवपेटी. एकही अक्षर कोरलेले नाही. आपल्याला कोरीव भिंती आवडतात, तेव्हा तो वेळ आणि ते पैसे कैरोजवळच्या सक्काराला खर्च करावेत. झोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड, त्याच्या इम्होतेप या मंत्र्याने उभारलेला, गट दाखवेलच. त्याच परिसरात मेरेरुका या मंत्र्याचा मस्तबा, म्हणजे सपाट माथ्याचे थडगे, आहे, त्यात तीसहून अधिक दालने आहेत आणि कुठेही वाकावे लागत नाही. मासे पकडणारे कोळी, तरसाला बळजबरीने चारा भरवणारी माणसे, कर थकवला म्हणून मार खाणारे गावप्रमुख, सर्व भिंतीवर आहे. उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये उतरता आले तर सर्वांत जुने पिरॅमिड-लेख पाहायला मिळतात. बोळ तिथेही ठेंगणाच आहे, परंतु लांबी बरीच कमी.

ग्रॅनाइटचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, राजाच्या दालनातला दगड अस्वानहून आलेला आहे. अस्वानला अर्धवट सोडलेला ओबेलिस्क (एकाच दगडाचा उंच टोकदार स्तंभ) पाहण्याचा पर्याय आला तर तो टाळू नये. सुमारे ४२ मीटर लांबीचा तो दगड खडकातून तीन बाजूंनी सोडवत आणला होता, तेवढ्यात त्याला तडा गेला आणि काम तिथेच थांबले. खाचेत उतरून पाहिल्यास दगडी गोळ्यांनी ठेचून केलेले वाटोळे खळगे एकापुढे एक दिसतात. पूर्ण झालेल्या कोणत्याही ओबेलिस्कपेक्षा मला त्या खळग्यांनी जास्त सांगितले.

कैरोतला अर्धा दिवस शुक्रवारी सकाळी आला तर फार उत्तम, कारण सुट्टीमुळे रस्ते रिकामे असतात. मात्र दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदी पाहुण्यांसाठी बंद राहतात हे धरून चालावे. एरवी रस्ता ओलांडणे हीच तिथली मोठी परीक्षा आहे. वाहने थांबत नाहीत, ती वळसा घालतात. म्हणून एखाद्या स्थानिक कुटुंबाच्या बाजूला उभे राहून, ते निघाले की त्यांच्याच चालीने, न धावता आणि मध्येच न थांबता पलीकडे जावे. मेट्रो १९८७ पासून चालू आहे, स्वस्त आहे, आणि गाडीच्या मधल्या भागात स्त्रियांसाठी राखीव डबे असतात. फक्त गिझा नावाच्या मेट्रो स्थानकाला भुलू नये, पिरॅमिड तिथून कित्येक किलोमीटर दूर आहेत.

एकटीने पाहण्यासाठी मी इब्न तुलुनची मशीद सुचवेन. ८७९ साली पूर्ण झालेली ही मशीद गटांच्या यादीत क्वचितच असते. बाहेरून गोल जिना असलेला तिचा मनोरा आणि मधले प्रचंड रिकामे अंगण पाहिल्यावर कैरोचा गोंगाट आपल्या कानांतून गेला कधी, हे लक्षात येत नाही. सुट्ट्या लहान नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात. बक्षिशी हा शब्द आपल्याकडे आणि त्यांच्याकडे एकाच कुळातला आहे, आणि तिथे जोडे सांभाळणाऱ्यापासून एखाद्या कोपऱ्यातले चित्र बोटाने दाखवणाऱ्या पहारेकऱ्यापर्यंत सर्व जण ती अपेक्षितात. मोठ्या स्थळांच्या तिकीट-खिडकीवर मात्र रोख रक्कम बहुधा चालत नाही, कार्ड लागते.

प्रश्नकर्ती : मंदपावली

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पिरॅमिडच्या बाबतीत मी गुडघ्याचे ऐकणार आहे आणि मेरेरुकाचे नाव वहीत लिहून घेतले आहे. आता एकच शंका उरते. अबू सिंबेलसाठी पहाटे चार वाजता निघायचे, एका बाजूला साडेतीन तास बसायचे आणि तिथे जेमतेम दोन तास मिळायचे, असे कार्यक्रमात लिहिले आहे. गटातल्या दोघींनी तो दिवस अस्वानलाच काढायचे ठरवले आहे. मीही तेच करावे का?

उत्तर : शिलालेख

जावे. दोन तास कमी आहेत हे खरे, परंतु ते कसे वापरावेत हे आधी ठरवले असेल तर पुरतात.

अस्वानहून निघालेली वाहने जवळजवळ एकाच वेळी पोचतात आणि सर्व गर्दी मोठ्या मंदिरात शिरते. आपण त्या वेळी दुसऱ्या रामसेसची राणी नेफरतारी हिच्या लहान मंदिरात जावे. दर्शनी भागावर राणीच्या मूर्ती राजाच्या मूर्तींइतक्याच उंच कोरलेल्या आहेत, आणि असे इजिप्तमध्ये फार क्वचित दिसते. अर्ध्या-पाऊण तासाने मोठ्या मंदिराकडे आले की आधी बाहेरच थांबावे. दुसऱ्या रामसेसच्या चार बसलेल्या मूर्तींपैकी एकीचा वरचा भाग प्राचीन काळीच भूकंपात कोसळला. अस्वानच्या नव्या धरणाचे पाणी चढणार म्हणून १९६४ ते १९६८ या काळात ही दोन्ही देवालये कापून सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे हलवण्यात आले, तेव्हा ते पडलेले मस्तक आणि धडही जसे पडले होते तसेच पुन्हा जमिनीवर मांडून ठेवले. कापलेल्या दगडांचे सांधे मी बराच वेळ शोधत होतो. उन्हाची तिरीप बाजूने आली की एखादा दिसतो, एरवी दिसत नाही. त्याच मूर्तींपैकी एकीच्या पायावर ग्रीक भाडोत्री सैनिकांनी इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला आपली नावे कोरून ठेवली आहेत. भिंतीवर नाव कोरणाऱ्या माणसाला मी एरवी क्षमा करत नाही, पण अडीच हजार वर्षांनंतर माझा राग टिकला नाही.

अस्वानजवळच्या फिली बेटावरचे इसिस देवीचे मंदिरही असेच उचलून शेजारच्या अगिल्किया बेटावर नेलेले आहे. मोटारबोटीतून तिकडे जाताना हे ध्यानात असू द्यावे, कारण गाइड घाईत असला तर ते सांगायचे राहून जाते.

मोठ्या मंदिराच्या अगदी आतल्या दालनासाठी शेवटची वीस मिनिटे राखून ठेवावीत. तोवर लोक वाहनांकडे परतू लागलेले असतात. तिथे चार मूर्ती ओळीने बसलेल्या आहेत. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारीला आणि २२ ऑक्टोबरला, उगवत्या सूर्याचे किरण सबंध मंदिर ओलांडून त्यांच्यापर्यंत पोचतात आणि तिघांना उजळतात. पाताळाशी नाते असलेला प्ताह हा देव मात्र अंधारातच राहतो. आपण जानेवारीत जात आहात, तेव्हा तो उजेड दिसणार नाही. प्ताह समोरून पाहताना सर्वांत डावीकडचा.