टाचांच्या भेगा आणि तळपायाचा घट्टा: वज्री घासून घासून कंटाळले

पोळीघर_सांगली
नमस्कार मंडळी. सांगलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे, चौदा वर्षं झाली. वय ४७. पहाटे साडेचारला कणीक मळायला घेते ती दुपारी दोनपर्यंत ओट्यापाशी उभी. रोजच्या अडीचशे-तीनशे पोळ्या, डब्यांच्या भाज्या वेगळ्या. खाली शहाबादी फरशी आणि पाय अनवाणी, कारण स्वयंपाकघरात चप्पल घालायची नाही ही सासूबाईंची शिस्त.

दिवाळी झाली की माझ्या टाचा फुटतात, ते दरवर्षीचंच. यंदा मात्र डाव्या टाचेची एक भेग इतकी खोल गेलीय की परवा फरशीवर लाल ठिपके दिसले आणि मी बिटाचं पाणी सांडलं म्हणून पुसायला वाकले, तर रक्त माझंच. रात्री गोधडीचे दोरे टाचेत अडकतात. साडीचा फॉल दोनदा उसवला. शिवाय उजव्या तळपायाला, करंगळीच्या खाली, रुपयाएवढा घट्टा झालाय. तवा उजवीकडे आहे, पोळी टाकताना सगळा भार त्याच पायावर येतो.

केलेले उद्योग सांगते. वज्रीने रोज घासलं: चार दिवस बरं, मग पहिल्यापेक्षा जाड. मेण आणि खोबरेल तेल वितळवून भरलं: चादर तेलकट झाली, भेग तिथेच. शेवटी एका पार्लरमध्ये गेले. तिथल्या मुलीने ब्लेडने सगळं तासून काढलं. दोन दिवस पाय बाळाचे, तिसऱ्या दिवशी पाऊल टेकवेना!

वज्री वापरावी की नाही? हा घट्टाच आहे की कुरूप, कसं ओळखायचं? आणि "पाय वर करून विश्रांती घ्या" असं कृपया कोणी लिहू नका, डबे कोण देणार?

वेंगुर्ल्याचा_बाबल्या
ताई, मुठेल लावा. कोकमाच्या बियांचं तेल. गोव्यात याला भिरंडेल म्हणतात. आमची आजी उन्हाळ्यात बिया वाळवून फोडायची, आतला गर वाटून पाण्यात उकळायची, वर तरंगलेला तवंग निवला की काढून मुठीत दाबायची. बोटांचे ठसे असलेला तो पांढुरका गोळा वर्षभर कोनाड्यात असायचा. घरात एरवी घट्टच राहतं ते, वितळतं जरासं ऊब लागल्यावर. रात्री पाय धुऊन पुसा, चमच्यात तुकडा घेऊन दिव्यावर धरा, कोमट झालं की भेगेत भरा. कडकडीत ओतू नका, मी लहानपणी ओतलंय. घरभर नाचलो होतो.

पत्ता वैयक्तिक निरोपात कळवा, एक गोळा पाठवतो.

ऊस_आणि_मी
आमच्याकडे ऊसतोडीला येणारी माणसं पाच रुपयाची चिकटवायची ट्यूब भेगेत ओततात आणि लगेच कामाला. भेग जाग्यावर बंद.

रात्रपाळी_सिस्टर
ऊसवाले दादा, भेग वरून बंद होते आणि माती आत कोंडते, पुढे तेच पिकतं. ताई, तुम्ही हे करू नका.

मी त्वचारोगाच्या ओपीडीत नऊ वर्षं काढली, म्हणून सविस्तर लिहिते. तळपायाला तेलाच्या ग्रंथी नसतातच, फक्त घामाच्या. त्यामुळे थंडीत सगळ्यात आधी तिथली कातडी कोरडी पडते. तुम्ही उभ्या राहिलात की टाचेतली चरबीची गादी कडेने पसरते. कातडी मऊ असेल तर तीही ताणते, वाळून जाड झाली असेल तर फाटते. वाळलेली भाकरी दुमडून बघा, तसंच.

घट्टा म्हणजे शरीराने दाबापासून वाचायला घातलेलं ठिगळ. तासून काढलंत आणि दाब तोच ठेवलात तर ते पुन्हा घालणार, जरा जाडच. म्हणून वज्री वाईट नाही, पण ओल्या पायावर, हलक्या हाताने, आठवड्यातून दोनदा बास. भेगेवर अजिबात नाही. ब्लेड तर कधीच नको.

ओळखायचं असं: घट्टा पसरट असतो, कडा नीट सांगता येत नाहीत, दुखतो कमी. कुरुपाला मधे कठीण खुंटी असते, वरून दाबलं की खडा टोचल्यासारखं होतं. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखलं आणि आत काळे ठिपके दिसले तर चामखीळ असू शकते, तिचे उपचार निराळे.

रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय, तासभर नाही. टिपून कोरडे करा आणि तीन मिनिटांच्या आत क्रीम. मेडिकलमध्ये युरियाचं क्रीम मागा. १० टक्क्यांचं ओलावा धरून ठेवतं, २० ते २५ टक्क्यांचं जाड कातडी सैलही करतं. रक्त येणाऱ्या भेगेला ते झोंबेल, तिथे ती भरेपर्यंत साधी पेट्रोलियम जेली. वरून सुती मोजे. बोटांच्या बेचक्यात काही लावू नका, तिथे चिखल्या होतात.

आणि आधी साखर तपासा. थायरॉइडही. एकाच तळव्यावर पिठासारखा कोंडा सुटत असेल तर ती बुरशी असू शकते, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

तीन_वेळा_पंढरपूर
साखरेवरून लिहितो. वडिलांना मधुमेह. वारीहून आले तेव्हा अंगठ्याखाली कुरूप होतं. एका दुकानातून कुरुपाची पट्टी आणली, कुणी काही विचारलं नाही. त्या पट्टीत सॅलिसिलिक अॅसिड असतं, ते कुरुपासोबत आजूबाजूची चांगली कातडीही खातं. वडिलांच्या पायाला संवेदना कमी, त्यांना कळलंच नाही. आईला मोज्याला चिकटलेलं पाणी दिसलं तेव्हा जखम झालेली होती. दोन महिने ड्रेसिंग. साखर असेल तर घरी काहीही कापू नका, चिकटवू नका.

पोळीघर_सांगली
पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या.

साखर नॉर्मल, थायरॉइड मात्र वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली. सिस्टर, तुम्ही लिहिलं नसतं तर मी थकव्याला वयाचं नाव देऊन बसले असते.

युरियाचं क्रीम आणलं तेव्हा यजमान म्हणाले, "पोत्यातलं घे की, सबसिडीचं मिळतं." रोज रात्री लावतेय. खोल भेगेत आधी जेली, ती बाराव्या दिवशी मिटली, मग मुठेल. बाबल्याभाऊ, तुमच्या गोळ्याला वास असा काही नाही, पण बोटाला लागलं की साबणानेही लवकर जात नाही, तेव्हाच कळलं की हे टाचेवर टिकणार.

ओट्यापाशी जाड रबरी चटई टाकली आणि तवा डावीकडे घेतला. पहिले तीन दिवस पोळ्या करपल्या, दोन गिऱ्हाइकांनी बोलून दाखवलं. घट्टा अजून आहे, पण कडेने पातळ झालाय.

राहिली चप्पल. धुवून वेगळी ठेवलेली, मागून बंद अशी एक जोडी घरात घालायला आणली, तर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बघते तर मुठेलाचा गोळा अर्धा झालेला आणि त्यांच्या टाचा चकचकीत. बाबल्याभाऊ, आणखी दोन गोळे मिळतील का? या खेपेला पैसे घ्यावेच लागतील.