टीबीचा पेशंट जागा बदलून गेला, तर पाठपुरावा कसा ठेवायचा?

नोंदवही: बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात टीबीच्या औषधांची नोंद माझ्याकडे असते. रोज रात्री गोळ्या समोर घेतल्या जातात, कार्डावर खूण होते. पहिले दोन महिने सहसा नीट जातात. मग खोकला थांबतो, ताप उतरतो, अंगात बळ येतं आणि माणूस कामाच्या मागे निघून जातो. कोर्स सहा महिन्यांचा; राहिलेल्या चार महिन्यांचं काय?

सध्या डोक्यात एक रंगकाम करणारा आहे. इमारत रंगवून झाली की टोळी पुढच्या साइटवर. त्याच्या नावापुढे लिहिलेला नंबर मुकादमाचा. मी फोन केला आणि टीबीचं नाव निघालं, तर त्याचं काम जाईल. नाही केला, तर औषध तुटेल. औषध सलग बंद राहिलं की त्याच्या नावापुढे ‘उपचार सोडले’ असा शेवटचा शेरा मारून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. तुम्ही काय करता?

जुना सुपरवायझर: ताई, पत्ता विचारून उपयोग नाही, त्याला पत्ताच नाही. पहिल्याच दिवशी विचारा, ‘इथलं काम कधी संपणार? पुढे कोणाबरोबर जाणार?’ मग दोन-तीन नंबर घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा, याला आजार माहीत आहे की नाही. मुकादमाने फोन उचलला तर ‘त्याचा एक कागद राहिलाय, मला फोन करायला सांगा’ एवढंच बोलायचं.

तो निघायच्या आधी बदलीचा कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. उपचार कधी सुरू झाले, कोणती औषधं, किती डोस झाले, थुंकीचा शेवटचा रिपोर्ट काय, सगळं त्यावर. नवीन ठिकाणी पोचून औषध सुरू होईपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्याही द्या. आणि कागद दिला म्हणजे काम झालं असं धरू नका. तिकडच्या केंद्राला फोन करून ‘आला का?’ विचारायचं. ते हो म्हणेपर्यंत तुमच्याकडची नोंद उघडीच ठेवा.

छातीचा डॉक्टर: कार्डावरच्या खुणांनी गोळी पोटात गेल्याचं कळतं, आजार हटतोय का ते नाही. दोन महिने संपताना थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. लवकर जाणार असेल तर तारीख आधीच ठरवून द्या. ही तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली किंवा कल्चरने, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून, करायची. जीन-एक्सपर्टवर, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या मशीनवर नको, मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा तिथे पॉझिटिव्ह येतो. जंतू अजून दिसत असतील तर मात्र रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी नाही ना, ते लगेच पाहायला हवं.

दर महिन्याला वजन करा. डोस वजनावर ठरतो, आणि उपाशी राहिलेल्या माणसाचं वजन औषध लागू पडलं की भराभर वाढतं. दारू असेल तर उलट्या, पिवळे डोळे, हातापायाला मुंग्या हे दर वेळी विचारा. शेजारच्या खाटांवर झोपणाऱ्यांचीही तपासणी करा. नुसतं ‘खोकला आहे का’ विचारून भागत नाही. काहींना त्रास जाणवण्याआधीच एक्स-रेत डाग दिसतो.

बरा झालेला: मी औषध सोडलं होतं. कंटाळून नाही, केंद्र उघडायचं तेव्हा माझी मजुरी सुरू झालेली असायची. शिवाय टीबीची रांग वेगळी, येणारा-जाणारा प्रत्येक जण बघायचा. नंतर एक बाई भेटल्या, त्या संध्याकाळी गोळ्या द्यायच्या आणि चारचौघांत आजाराचं नाव काढायच्या नाहीत. कोर्स पुरा झाला तो त्यामुळे. रंगकाम करणाऱ्याकडे स्वतःचा फोन आला, तर गोळी घेतानाचा व्हिडिओ पाठवायला सांगा. पण आधी त्यालाच विचारा, कोणती वेळ जमेल.

नोंदवही: खूप आधार वाटला. त्याची साइट या आठवड्यात संपतेय, थुंकीची तपासणी उद्याच करून घेते. एकच शंका: दुसरीकडे गेलेला माणूस माझ्या तिमाहीच्या आकड्यातून काढायचा का?

जुना सुपरवायझर: अजिबात नाही. ज्या तिमाहीत उपचार सुरू झाले, त्या गटात तो शेवटपर्यंत मोजायचा. तिकडून निकाल कळला तर तो लिहा, नाहीच कळला तर ‘निकाल माहीत नाही’ असं लिहा. गेलेले वगळलेत तर बरे झालेल्यांचं प्रमाण छान दिसेल, आणि निवाऱ्यातली किती माणसं वाटेत हरवली ते कोणालाच दिसणार नाही.