हळदीच्या अडतीला एम.एस्सी.चा काय उपयोग?

सांगलीकर_अडत्या: मार्केट यार्डात आमची हळदीची अडत. पोरगी केमिस्ट्रीत बी.एस्सी. झाली, आता एम.एस्सी. करायचं म्हणते. आमच्याकडं सौदा होतो रंग, वास बघून, कांडी मोडून. एवढं शिकून पुण्यात नोकरीच करणार असेल तर धंद्याला काय फायदा? घरात रोज वाद.

मिरजेची_मास्तरीण: दादा, कांडी मोडून कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य, किती टक्के ते कळतं का? निर्यातीचं गिऱ्हाईक तेच विचारतं. शिशाची भेसळ नाही, याचाही रिपोर्ट मागतं. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण नुसत्या शिक्क्यानं भाव वाढत नाही. एचपीएलसी, म्हणजे कुरकुमिन मोजायचं लॅबमधलं मशीन, चालवणारं माणूस तुमच्या घरातच तयार होतंय की!

कराडचा_गडी: डिग्रीनं सगळं होतं असंही नाही हां. आमच्या वर्गात मशीनला हात न लावता पास झालेले आहेत. कॉलेजची इमारत नको, लॅब बघा. भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' उगाच नाही काढलं. सुट्टीत तिला अडतीवर नमुने काढायला बसवा.

सांगलीकर_अडत्या: लॅब बघायला सोमवारी जातो. पोरगी म्हणते, आधी तुमची वही कॉम्प्युटरवर घ्या. घ्या आता!