कातळावरचं घर, ईव्ही चार्जिंग : अर्थिंगसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळ सड्यावर आमचं घर आहे. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून वापरलेली व्होल्वो एक्ससी40 रिचार्ज घेतली. बॅटरी 78 युनिटची, डब्ल्यूएलटीपी (प्रमाणित चाचणीतली) रेंज 418 किमी. गाडी उत्तम आहे, अडचण घरच्या विजेची आहे.

पडवीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर दिवाळीपर्यंत सुरळीत चार्ज व्हायची. होळीनंतर मात्र थोडा वेळ चालून अर्थिंगचा दोष दाखवते आणि थांबते. आमच्याकडे हातभर मातीखाली सगळा जांभा, तो उन्हाळ्यात कोरडाठाक. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मल्टिमीटर 9-10 व्होल्ट दाखवत होता. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, तर तासाभरात 3 वर आला आणि रात्रभर चार्जिंग झालं. दोन दिवसांनी परत तेच. पट्टीच्या बोल्टला पाना लावला तर गंजाचा पापुद्राच हातात आला. खाऱ्या हवेत जीआयचं (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं) हे असंच होतं.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, न्यूट्रलच अर्थिंगला जोडून टाकू. मी साफ नाही म्हटलं. उद्या पोलावर न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरेल, आणि आमची मुलं तिथेच खेळतात. कोणी असं केलं असेल तर कृपया काढून टाका.

आता नवीन खड्डा घ्यायचाय. कातळात तांब्याची पट्टी टिकेल का? कोळसा-मीठ भरावं की बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती)? मीठ धातू लवकर खातं, म्हणून माझा कल बेंटोनाइटकडे आहे. बोअरवेल मारणाऱ्याकडून खोल भोक पाडून इलेक्ट्रोड सोडलेला कोणी आहे का?

दुसरं, व्होल्टेज. आमचं घर लाइनच्या शेवटाला. संध्याकाळी बागांचे पंप सुरू झाले की 190 वर येतं. सिंगल फेजवर 32 अँपिअरचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) बसवला तर 7.4 किलोवॅटऐवजी 6 च मिळतील, वर घरातले दिवे मंदावतील. थ्री फेज घेतला तर 11 किलोवॅटने आठेक तासांत भरेल. पण एखादा फेज गेला की चार्जर पूर्ण बंद पडतो का, उरलेल्यावर चालतो?

रेंजचं म्हणाल तर आईला उपचारांसाठी आंबा घाटाने कोल्हापूरला न्यावं लागतं. एकेरी साधारण 130 किमी. घाटाची भीती नाही: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून 550 मीटरच्या आसपास, म्हणजे सव्वादोन टनांची गाडी तेवढी वर न्यायला नुसत्या उंचीचे साडेतीन युनिटही लागत नाहीत, आणि परतीच्या उतारावर त्यातले बरेच परत मिळतात. घरून पूर्ण भरून निघालो तर एसी लावून जाऊन-येऊन होतं. आदल्या रात्री चार्जिंग मध्येच तुटलं तर मात्र आईला घेऊन वाटेत चार्जर शोधत बसावं लागतं, आणि तिला ते झेपत नाही.

देवगड, मालवण, गुहागरकडच्या कातळावर कोणी हे काम करून घेतलं असेल तर खोली आणि उन्हाळ्यात मोजलेला अर्थ रेझिस्टन्स जरूर सांगा. मिरगाआधी खणून घ्यायचं आहे.