जीवाश्म माशाच्या हाडावर काय : जखम, व्रण की वण?

प्रश्न : जीवाश्म माशांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतो आहे. हाडांवरच्या दुखापतीच्या सगळ्या खुणांना मी सरसकट 'व्रण' लिहिलं. तपासणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी 'जखम' केलं. बरोबर काय?

उत्तर : दोन्ही शब्द लागतील, पण आपापल्या जागी. लीडसिक्थिस बघा. इंग्लंडमध्ये पीटरबरोच्या आसपास चिकणमातीत सापडलेला हा अवाढव्य मासा, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या डोक्याच्या एका हाडात मेट्रिओऱ्हिंकस या समुद्री मगरीचा दात रुतलेला आहे. डेव्हिड मार्टिल यांनी १९८६ मध्ये त्याची नोंद केली. दाताभोवतीचं हाड भरून आलेलं आहे. म्हणजे मगर चावली तेव्हा मासा जिवंत होता आणि चावल्यावरही जगला. नुसतं 'जखम' लिहिलं की हे जगणंच गळून जातं, आणि मला त्या हाडात तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

'वण' हा संस्कृत 'व्रण'चाच झिजलेला शब्द. देवीचे वण म्हणतो तोच. बोलताना 'व्रण'ही आपण भरलेल्या जखमेच्या खुणेलाच म्हणतो, पण आयुर्वेदात व्रण म्हणजे प्रत्यक्ष जखम. सुश्रुतसंहितेत भरत आलेला व्रण 'रुह्यमान' आणि पुरता भरलेला तो 'रूढ'. म्हणून तक्त्यात 'रूढव्रण' आणि ओघात 'भरलेली जखम' किंवा 'वण' असं मी लिहीन. कडा धारदार असतील, नवं हाड धरलेलं नसेल, तर फक्त 'चाव्याची खूण'. मेलेल्या माशाचे लचके कुणी तोडले असतील तरी ती तशीच दिसते, त्यामुळे तिला जखम म्हणायची घाई नको.

प्रश्न : आणि हाडांवरच्या गाठी? तिथे 'अर्बुद' लिहिलंय.

उत्तर : ते आधी तपासा. अर्बुद म्हणजे ट्यूमर; तो शब्द दिसला की वाचक कर्करोगापर्यंत जातो. मोठी वाकटी खाताना काट्यावर कधी टणक, गुळगुळीत मणी बोटाला लागलाय का? तो आजार नाही. वाकटीच्या आणि इतरही काही माशांच्या जातींत वय वाढलं की ठरावीक हाडं अशी फुगतात. जीवाश्मांतही ती सापडतात. अभ्यासक त्यांना 'टिली बोन' म्हणतात, टिली एडिंगर या जर्मन-अमेरिकन जीवाश्म-अभ्यासक बाईंच्या नावावरून. मराठीत 'हाडाचा फुगवटा' पुरे. 'अस्थिस्थूलता' चुकीचं नाही, पण घशात काट्यासारखं अडकतं.

मूळ लेखात गाठ नेमकी कुठल्या हाडावर आहे ते बघा. त्याच जातीच्या इतर माशांतही त्याच हाडावर असेल तर फुगवटा. एकाच माशात, भलत्याच जागी, खडबडीत वाढलेली असेल, तर तुमचं 'अर्बुद' राहू द्यायचं का, याचा विचार करता येईल.