सल्ला हवा: शाळेतल्या मुलांसोबत रॉकेट-मिशनचा खेळ सुरू करायचा आहे, कुठून सुरुवात करू?

पळसफूल

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं ते आमच्या मुलांनी शाळेत एकत्र बसून पाहिलं, तेव्हापासून प्रश्न थांबत नाहीत. चंद्र समोर दिसतो तर यान सरळ का जात नाही? १४ जुलैला निघालेलं यान ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत पोचलं, मधले दिवस ते काय करत होतं? फळ्यावर लंबवर्तुळं काढून झाली, पण मुलांच्या चेहऱ्यावरून कळतं की गळी उतरलेलं नाही.

आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने कर्बल स्पेस प्रोग्राम हा रॉकेट बांधून उडवायचा संगणकावरचा खेळ दाखवला. घरच्या लॅपटॉपवर घेतला, आवडला. मात्र माझं रॉकेट पाच-सहा किलोमीटर वर गेलं की नाक खाली करून कोलांट्या खातं. इंधन वाढवून पाहिलं, तर उलट आधीच फिरलं. शाळेत ४ जीबी रॅमचे दोन जुने लॅपटॉप आहेत, नेटचा भरवसा नाही आणि दुपारची लाइन जाते.

याच खेळाने सुरुवात करावी की दुसरा घ्यावा? रॉकेट उलटं का होतं? आणि मुलांना चंद्रापर्यंत न्यायचं तर कोणत्या क्रमाने?

धुरा

मॅडम, मुलांच्या घरी लॅपटॉप नसणार, मोबाइल असतो. स्पेसफ्लाइट सिम्युलेटर मोबाइलवर फुकट मिळतो, नेटशिवाय चालतो. मोठे सुटे भाग पैसे भरल्यावर उघडतात, पण चंद्रापर्यंत फुकटच्या भागांवर जाता येतं. सगळं दोन मितींत आहे, म्हणजे उत्तर-दक्षिण हा प्रकारच नाही. त्यातली पृथ्वी खरीच्या विसाव्या हिश्शाची, त्यामुळे कक्षा पटकन जमते आणि मुलं कंटाळत नाहीत. मी त्यावरच शिकलो.

वेणेकाठी

धुरा म्हणतो ते पहिल्या आठवड्यापुरतं ठीक. पण आठवीच्या मुलांना तिसरी मिती कळायलाच हवी, नाहीतर कक्षेचा कल, म्हणजे ती विषुववृत्ताला किती तिरकी आहे, ते कधीच समजणार नाही.

कर्बल ४ जीबीवर चालतो, सुरू व्हायला वेळ घेतो एवढंच. चित्रांची प्रत कमी ठेवा, छोटी रॉकेटं बनवा. सुट्या भागांची संख्या वाढली की जुना लॅपटॉप रडतो. एकदा उतरवून घेतला की नेट लागत नाही. कर्बलचा पहिलाच खेळ घ्या. त्याचा दुसरा भाग फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्धवट अवस्थेत विक्रीला आला आणि २०२४ मध्ये त्याचं काम थांबलं.

ऑर्बिटर नावाचं तिसरं साधन आहे, ते पूर्ण फुकट. मार्टिन श्वायगर यांनी २००० मध्ये पहिल्यांदा काढलं, २०२१ पासून त्याचा कोडही खुला आहे. त्यात रॉकेट बांधता येत नाही, पण पृथ्वी खऱ्या मापाची आहे. कर्बलमधल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, आपल्या पृथ्वीची ६,३७१. म्हणून कर्बलमध्ये कक्षेत राहायला सेकंदाला २.३ किलोमीटर वेग पुरतो आणि खऱ्या पृथ्वीभोवती ७.८ लागतो. हा फरक मुलांना सांगाच, नाहीतर त्यांना इस्रोचं काम सोपं वाटेल.

बंडीवाला

मॅडम, रॉकेट उलटून राहिलं त्याचं कारण इंधन नाही, म्हणून इंधन वाढवून काही होणार नाही. बंडीत मागं ओझं जास्त भरलं का बंडी उलार होते, तसंच हाय हे. जड इंजिन अन् भरलेल्या टाक्या खाली, वरचं टोक हलकं, अन् हवेचा मार बसते त्या टोकावर. वेग वाढला का हवा टोकाले मागं ढकलते अन् जड भाग पुढं येऊ पाहते. तुमचं रॉकेट पाच-सहा किलोमीटरवर फिरते ते याच्याचमुळे, तिथं वेगही वाढलेला असते अन् हवाही दाट असते.

तीन गोष्टी करून पाहा. चार फिन, म्हणजे छोटे पंख, अगदी बुडाशी लावजा, वर लावल्या तर उलटंच होईल. बांधणीच्या शेडमध्ये खालच्या कोपऱ्यात बटनं हायेत, ते दाबले का पिवळा-काळा गोळा दिसते, थो वस्तुमानाचा मध्य. निळा गोळा फिनांच्या उचलीचा. निळा पिवळ्याच्या खाली पाहिजे. दुसरं, इंजिन कोणतं लावलं ते सांगा. रिलायंटची नळी वळत नाही, स्विव्हलची वळते. पहिल्या स्टेजले, म्हणजे सगळ्यात खालच्या टप्प्याले, स्विव्हल घ्या, ती स्वतःच रॉकेट सरळ ठेवते.

तिसरं महत्त्वाचं. स्विव्हलचा जोर जमिनीवर साधारण १६८ किलोन्यूटन. निघताना जोर हा वजनाच्या १.३ ते १.५ पट असावा, म्हणून एका स्विव्हलवर १३ टनांच्या वर जाऊ नका. अन् दोन पटीच्या वर जोर ठेवला तर दाट हवेतच वेग फार होते, रॉकेट तापते अन् फिरते. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, कमी करायले लाजू नका.

पळसफूल

बंडीवाला भाऊ, रिलायंटच होतं आणि फिन नव्हत्याच! स्विव्हल आणि फिन लावल्या, तीरासारखं सरळ गेलं. पार ९० किलोमीटर. पण मग परत खाली आलं. हवा ७० किलोमीटरला संपते म्हणतात, तर त्याच्या वर गेल्यावर ते राहत का नाही? मुलं पण नेमकं हेच विचारतात.

बंडीवाला

कारण ते आडवं गेलं नाही, मॅडम. उंची अन् कक्षा या दोन येगळ्या गोष्टी हायेत. ९० किलोमीटरवरही गुरुत्व जमिनीवरच्यापेक्षा फार कमी नसते. तुमचं रॉकेट वर थांबलं, म्हणून पडलं. कक्षेत असलेलं यानही पडूनच राहते, पण आडवा वेग इतका असते का जमीन त्याच्या खालून वळून जाते. कर्बिनवर थो वेग सेकंदाले २,३०० मीटर. तुमच्या सरळ उड्डाणात आडवा वेग जवळपास काहीच नव्हता.

असं उडवा. वेग ६०-७० मीटर झाला का पूर्वेकडं ५ अंश झुकवा. पूर्वेकडंच काहून, तर ग्रह तिकडं फिरते, थो वेग फुकट भेटते. मंग नेव्हबॉलवरचं (दिशा दाखवणारा गोळा) प्रोग्रेड चिन्ह, म्हणजे यान चाललं ती दिशा, धरून राहा, रॉकेट आपोआप वाकत जाते. १० किलोमीटरच्या आसपास नाक ४५ अंशांवर आलं पाहिजे. नकाशा उघडून पाहत राहा, कक्षेचा सगळ्यात उंच बिंदू ८० किलोमीटरवर गेला का इंजिन बंद. त्या बिंदूजवळ पोचायच्या जरा आधी आडवं करून पुन्हा चालू करा, खालचा बिंदू ७० च्या वर आला का झाली कक्षा. इंजिन ४० सेकंद चालवायचं असंल तर बिंदूच्या २० सेकंद आधी सुरू करा, अर्धं अलीकडं अर्धं पलीकडं.

एवढं मुलांना जमलं का बाकी सगळं त्याच्यातूनच निघते.

वेणेकाठी

मॅडम, तुमच्या मुलांच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर इथेच आहे.

एलव्हीएम-३ रॉकेटने चांद्रयान-३ ला सुमारे १७० बाय ३६,५०० किलोमीटरच्या लांबट कक्षेत सोडलं. यानाचं वजन ३,९०० किलो आणि इंजिनाचा जोर फक्त ४४० न्यूटन. भागाकार मुलांकडून करून घ्या: दर सेकंदाला वेग साधारण ११ सेंटिमीटर प्रतिसेकंदाने वाढतो. एवढ्या लहान इंजिनाने एकाच दमात चंद्राकडे निघायचं म्हटलं तर ते इतका वेळ चालवावं लागेल की यान पृथ्वीजवळच्या बिंदूपासून कधीच दूर गेलेलं असेल, आणि तिथे जाळलेल्या इंधनाचा फायदा कमी होतो. इंधन सगळ्यात जास्त कामाला येतं ते यान सगळ्यात वेगात असताना, म्हणजे पृथ्वीच्या सगळ्यात जवळ असताना. म्हणून दर फेरीला त्याच बिंदूजवळ थोडं थोडं जाळून कक्षा पाच वेळा लांबवली आणि १ ऑगस्टला चंद्राकडची उडी घेतली. मंगळयानही ५ नोव्हेंबर २०१३ ला निघून तसंच पृथ्वीभोवती कक्षा वाढवत राहिलं होतं.

कर्बलमध्ये हे हुबेहूब करता येतं. जड यानाला मुद्दाम लहान इंजिन लावा. एकदा एका दमात जाऊन पाहा, एकदा तीन टप्प्यांत. उरलेल्या इंधनाचे आकडे मुलांना वहीत लिहू द्या.

बंडीवाला

आता चंद्राचं. इथं सगळे जण खालून बांधायले सुरुवात करतात, मोठ्ठं बूस्टर आधी. मी सांगून राहिलो, मिशन उलटं बांधा. परत येणारी कुपी आधी, जमिनीवरचं इंजिन सगळ्यात शेवटी.

कर्बलचा चंद्र म्हणजे मुन. हिशोब डेल्टा-व्हीचा, म्हणजे वेगात एकूण किती बदल करता येईल त्याचा. परत यायले मुनच्या कक्षेतून ३१०. त्याच्या आधी मुनवरून कक्षेत चढायले ५८०. त्याच्या आधी उतरायले ५८०. त्याच्या आधी मुनच्या कक्षेत शिरायले ३१०. बेरीज १,७८०. कर्बिनच्या कक्षेतून मुनकडं निघायले ८६०, अन् जमिनीवरून कक्षेत यायले ३,४००. आकडे सगळे मीटर प्रतिसेकंद.

आता वरची स्टेज पाहा. कुपी, छत्री, पाय, हीट शील्ड मिळून १.४ टन धरा. टेरियर इंजिन अर्धा टन. एफएल-टी४०० टाकी भरलेली २.२५ टन, रिकामी पाव टन. भरलेलं वजन ४.१५, रिकामं २.१५. टेरियरचा निर्वातातला आयएसपी, म्हणजे इंधन किती कामाला येते त्याचा आकडा, ३४५. रॉकेटचं सूत्र (आयएसपी गुणिले ९.८१ गुणिले भरलेलं भागिले रिकामं याचा नैसर्गिक लॉगॅरिदम) लावलं का डेल्टा-व्ही निघते २,२२६. पाहिजे होते १,७८०, म्हणजे साडेचारशेच्या आसपास हाताशी उरले. नवख्या पोट्ट्यायले उतरताना तेवढे लागतातच.

याच्यात दुसरी तशीच टाकी जोडली तर? इंधन दुप्पट झालं, डेल्टा-व्ही मात्र ३,३१९ वर थांबते, दुप्पट काही होत नाही. अन् टाकी एकच ठेवून वरचं ओझं १.४ चं ०.९ टन केलं तर २,६८७ होते. अर्धा टन काढला अन् साडेचारशेच्या वर कमाई! वर ठेवलेला एकेक किलो खालच्या प्रत्येक स्टेजले उचलावा लागते. म्हणून पोट्टे शिडी लावू, दिवे लावू, दोन-दोन अँटेना लावू म्हणतील, तेव्हा एकेका भागाले विचारायचं, तू कायले पाहिजे?

टेरियर जमिनीवरून उडवायले वापरू नका हं. हवेत तिचा आयएसपी ८५ वर येते.

मुनकडं निघायची सोपी खूण. ८० ते १०० किलोमीटरच्या गोल कक्षेत पूर्वेकडं फिरत असताना मुन क्षितिजावर उगवताना दिसला का प्रोग्रेड जाळायले सुरुवात करा. तुम्ही आत्ता मुनच्या जागी जात नाही, थो जिथं पोचणार हाय तिथं जाता. "सरळ का जात नाही" याचं उत्तर पोट्टे स्वतःच देतील. अन् मुनवर हवा नाही, छत्री तिथं उघडून उपयोग नाही. वेग इंजिननंच मारायचा.

धुरा

मेकजेब नावाचा मोड, म्हणजे खेळाला वरून जोडायचा भाग, टाकला तर हे सगळं यंत्रच करतं. मॅडमचा वेळ वाचेल.

बंडीवाला

मुलांच्या हातातून पहिलं उड्डाण काढून घेऊ नका. यंत्रानं केलेली कक्षा पाहून कोणाले कायबी समजत नाही.

वेणेकाठी

पहिलं उड्डाण हातानेच, मान्य. पण नंतर मेकजेब वापरला तर त्यात कमीपणा नाही. विक्रम लँडर शेवटच्या टप्प्यात स्वतःचं स्वतःच उतरलं, बंगळुरूहून कुणी चालवत नव्हतं. संगणकाला उतरायला शिकवणं हीसुद्धा विद्याच आहे. आधी मुलांनी हाताने उतरवावं, मग त्याच जागी यंत्राने, आणि कुणाचं इंधन जास्त उरलं ते मोजावं.

झाडीपट्टी

एक गोष्ट या धाग्यात आली नाही. वापरून झालेल्या स्टेजचं काय करायचं?

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडचा. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा होता. अंधार पडल्यावर आभाळातून जळत्या रेघा गेल्या, सगळ्या विदर्भाने पाहिल्या. आमच्या तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं तीनेक मीटर व्यासाचं कडं पडलं, आजूबाजूच्या भागात धातूचे गोळेही सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या स्टेजचे ते अवशेष असल्याचं अभ्यासकांनी ओळखलं. म्हणजे वर्षभराहून जास्त काळ ती स्टेज फिरत होती आणि दर फेरीला विरळ हवेत घासून खाली येत होती.

मॅडम, कर्बलमध्ये हे तसं घडत नाही, हे मुलांना सांगा. तुम्ही दुसरं यान उडवत असाल तेव्हा मागे सोडलेल्या स्टेजवर खेळ हवेचं घर्षण मोजत नाही. तिचा खालचा बिंदू ६० किलोमीटरवर असला तरी ती फिरतच राहते. खऱ्या आकाशात ती कुठेतरी, कुणाच्या तरी वावरात पडते. म्हणून मी नियम पाळतो: कक्षा पूर्ण करायचं शेवटचं काम वरच्या स्टेजवर ठेवायचं, म्हणजे मोठी स्टेज कक्षेत पोचायच्या आधीच सुटते आणि समुद्राकडे जाते. मुलांना हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. लाडबोरीचे फोटो बातम्यांत सापडतील, वर्गात दाखवा.

पळसफूल

झाडीपट्टी, हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. ते कडं पेपरात पाहिलं होतं, पण या खेळाशी जोडायचं सुचलं नव्हतं. पहिला तास त्यावरच घेते. मग मोबाइलवर दोन मितींतली कक्षा, मग लॅपटॉपवर कर्बल, आणि उलटा हिशोब फळ्यावर. सूत्रातला लॉगॅरिदम आठवीला नाही, तर मी टाक्यांच्या वजनांचा तक्ता आधी काढून देईन आणि त्यांच्याकडून फक्त गुणोत्तर काढून घेईन.

शेवटचा प्रश्न: लाइन गेली तर उडत्या यानाचं काय? आणि एका लॅपटॉपवर बांधलेलं रॉकेट दुसऱ्यावर कसं न्यायचं?

धुरा

लॅपटॉपची बॅटरी टिकत नसेल तर प्रत्येक टप्प्याआधी एफ-५ दाबायची सवय लावा: उड्डाणाआधी, मुनकडे निघण्याआधी, उतरण्याआधी. एफ-९ दाबून धरलं की तिथूनच परत सुरू होतं. रॉकेट न्यायला खेळाच्या फोल्डरमध्ये सेव्ह्ज, त्यात तुमच्या खेळाच्या नावाचं फोल्डर, त्यात शिप्स आणि त्यात व्हीएबी. तिथे प्रत्येक रॉकेटची वेगळी फाइल असते. पेनड्राइव्हने उचलून दुसऱ्या लॅपटॉपवर त्याच जागी टाका. फक्त दोन्हीकडे खेळाची आवृत्ती एकच ठेवा, आणि फाइलला गटाचं नाव द्या, म्हणजे कुणाचं रॉकेट कुणी बदललं यावरून भांडणं होणार नाहीत.