मांजर परवापासून काहीच खात नाही. अमळनेर-धुळे भागात कुठे दाखवू, घरी काय करू?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. आमची चिंगी, वय चार वर्षांच्या आसपास, हिने परवा संध्याकाळपासून अन्नाला तोंड लावलेलं नाही. एरवी आईने दुधाचं पातेलं उतरवलं की पायात घोटाळणारं मांजर, आता नहाणीत रांजणाखाली ओल्या फरशीवर पडून असतं. वाटी पुढे केली की उठते, वास घेते, ओठ चाटते आणि मान फिरवून परत जाते. हनुवटीखालचे केस लाळेने चिकट झालेत. पाणी अगदी थोडं पिते. उलटी नाही. लघवी करतेय, शी कालपासून नाही. लस झालेली नाही.

घर माळकरी आहे, अंडंसुद्धा आत येत नाही. चिंगी दूध-पोळी, मी आणते ते पाकिटातलं कोरडं खाणं आणि बाहेरचे उंदीर-सरडे यावर वाढली. ऊन म्हणाल तर सकाळी दहालाच रस्ता भाजतोय. आजी सारखी विचारतेय, "मनी काय खास नही का?" (अहिराणीत, मनी काही खात नाही का?) तिला काय सांगू?

अजून किती वाट पाहायची? शेजारचे काका म्हणतात मेडिकलमधून तापाची गोळी आणून पाव भाग द्या. देऊ का? आणि इकडे मांजराला नीट बघणारं कोण आहे? दवाखान्यात गेलं की पुढे म्हशी आणि बैलच दिसतात.

केळीबाग (रावेर)

ताई, बाकीचं नंतर, आधी हे वाचा. तापाची गोळी अजिबात देऊ नका, पाव नाही आणि कणभरही नाही. तिच्यातलं पॅरासिटामॉल पचवायची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. रक्ताचा रंग तपकिरी होतो, ते प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या निळ्या-करड्या पडतात, तोंड सुजतं. एका गोळीत मांजर जातं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळ्यांचंही तसंच. काका प्रेमाने सांगत असतील, पण त्यांना हे दाखवा.

आसपास कोणी उंदरांचं औषध ठेवलं होतं का, तेही विचारून घ्या. आमच्याकडे बागेत आणि गोदामात झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवतात, मेलेला उंदीर मांजर खातं. तशी शंका असेल तर औषधाचं पाकीट डॉक्टरांकडे सोबत न्या.

पांझरा (धुळे)

बोरीकाठ, मी गेली कित्येक वर्षं गल्लीतली मांजरं सांभाळते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

वाट पाहायची वेळ संपली आहे. कुत्रं दोन दिवस उपाशी राहिलं तर बहुधा निभावतं, मांजराचं तसं नाही. खाणं बंद झालं की शरीर साठवलेली चरबी यकृताकडे पाठवतं, मांजराच्या यकृताला ती पेलत नाही आणि यकृतच चरबीने भरून जातं. मग भूक आणखी मरते. दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर हा धोका खरा होतो, गुबगुबीत मांजरात जास्तच. त्यामुळे मूळ आजार साधा असला तरी उपासानेच मांजर दगावू शकतं. उद्या सकाळी पहिल्या गाडीने निघा.

आज उजेडात एवढं बघून ठेवा. कानाची आतली बाजू, डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळसर आहेत का? खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच बसली तर ठीक, उभीच राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय. हिरडीला बोट लावा, ओली-गुळगुळीत हवी, चिकट लागली तर तेही पाण्याच्या कमीचंच लक्षण.

आता तुमच्या वर्णनाबद्दल. वाटीपर्यंत जाते, वास घेते, म्हणजे भूक पूर्ण मेलेली नाही. ओठ चाटणं आणि लाळ यांचे दोन अर्थ होतात, मळमळ किंवा तोंडातलं दुखणं. चिंगीला मांडीवर घ्या, तोंड उघडायच्या भानगडीत पडू नका, फक्त एका बाजूचा ओठ अंगठ्याने वर सरकवा. हिरडीची कड लालभडक आहे का, दात हलतोय का, जिभेच्या कडेला किंवा टोकाला पांढरट-लाल चट्टा दिसतो का? तोंडाला घाण वास येतो का? मांजरांच्या सर्दीत, विशेषतः कॅलिसिव्हायरस हा विषाणू असेल तर, जिभेवर असे व्रण पडतात. एक घास घेतला की झोंबतं आणि मांजर मान झटकून मागे सरतं. लस नसलेल्या मांजरात मला पहिली शंका हीच येते. नाक चोंदलेलं असेल तरी मांजर खात नाही, कारण वास आला नाही तर त्याला ते अन्नच वाटत नाही.

लघवी होतेय हे फार बरं. हा धागा वाचणाऱ्या बोक्यांच्या मालकांनी मात्र लक्षात ठेवा: बोका मातीत पुन्हा पुन्हा बसतोय, जोर करतोय आणि थेंबही येत नाही, तर ती खाण्याची तक्रार समजू नका. मूत्रमार्ग अडकलाय. तसं असेल तर रात्रीच निघायचं, सकाळसुद्धा उशिराची.

आणि नहाणीत फिनाईल टाकत असाल तर आजपासून बंद. ती तिथेच झोपते, तेच पंजे चाटते. फिनाईलमधलं फिनॉलसुद्धा मांजराला पचत नाही.

दवाखान्यातला_माणूस (जळगाव जिल्हा)

मी पशुसंवर्धन खात्यात काम करतो. ताईंचं म्हणणं खरं आहे, तालुक्याच्या दवाखान्याचा बहुतेक वेळ गाई-म्हशी, शेळ्या आणि लसीकरणात जातो. पण डॉक्टर पदवीधर पशुवैद्यक असतो आणि मांजर त्याच्या शिक्षणात असतंच. त्याला पूर्ण माहिती दिली तर काम पटकन होतं. म्हणून घरून एका कागदावर लिहून न्या: शेवटचं कधी खाल्लं, पाणी किती, लघवी-शी कधी, कोणतं औषध दिलं का, लस, वजन. वजन आधीच करून घ्या. तुम्ही चिंगीला घेऊन काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या, वजाबाकी करा. मांजराचं औषध वजनावरच ठरतं, म्हशीच्या डॉक्टरला अंदाजाने साडेतीन किलो ओळखणं अवघड असतं.

तिथे तीन गोष्टी आवर्जून बोला. ताप मोजा म्हणावं. मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. अंगात पाणी कमी असेल तर सलाईन द्या म्हणावं, ते कातडीखालीही देता येतं. आणि मळमळीचं व दुखण्याचं औषध मांजराला चालणारं आहे ना, हे स्पष्ट विचारा. यात कोणताही डॉक्टर रागावत नाही. रक्ततपासणी (पांढऱ्या पेशी, यकृत, मूत्रपिंड) तालुक्याला बहुधा होणार नाही, त्यासाठी जिल्ह्याचं पशु सर्वचिकित्सालय किंवा शहरातला खाजगी लहान प्राण्यांचा दवाखाना. अमळनेरहून धुळं जवळ, जळगावला रेल्वे आहे. धाग्यावर खाजगी डॉक्टरांची नावं-नंबर टाकू नका, ज्यांना माहीत आहेत त्यांनी ताईंना निरोपातून कळवा.

१९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक आहे. पथक मुख्यतः पशुधनासाठी आहे, पण जवळचा दवाखाना विचारायला फोन करायला हरकत नाही.

भुसावळ_जंक्शन

न्यायचं कसं ते मी सांगतो. पिंजरा नसेल तर भाजीचे दोन प्लास्टिक कॅरेट घ्या, एक सुलटं, एक उलटं, चारही बाजूंनी सुतळी. आत तिच्या वासाची जुनी चादर, वरून ओलं फडकं, पण हवा राहू द्या. पिशवीत किंवा पोत्यात घालू नका, या उन्हात जीव जाईल. पहाटेची गाडी धरा आणि अकराच्या आत घरी या. आमच्याकडे भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, त्यात आजारी मांजर बसस्टँडवर ठेवणं म्हणजे आजारावर आजार.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. धुळ्याला जाऊन आलो. पांझराताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. काल रात्री ओठ सरकवून पाहिला तर जिभेच्या कडेला डाळीएवढा लाल चट्टा होता, कड पांढरी. डॉक्टरांनी अजून दोन दाखवले, टाळूवर. ताप ४०.१. कावीळ नाही. कातडीखाली सलाईन दिलं तेव्हा खांद्यावर पाण्याचा फुगा आला आणि हळूहळू पोटाकडे उतरला, ते बघून मी घाबरले, पण तसंच होतं म्हणाले. दुखण्याचं आणि मळमळीचं इंजेक्शन, प्रतिजैविक, उद्या पुन्हा बोलावलंय. वजन ३.४ किलो. घरी सिरिंजने पातळ खाणं द्यायला सांगितलंय. ते नेमकं कसं द्यायचं? तोंड धरलं की ती ओरबाडते. आणि काय द्यायचं? दूध चालेल का?

पांझरा (धुळे)

देवाची कृपा, वेळेत गेलात.

सिरिंज सुईशिवायची, ५ मिलीची. चिंगीला जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा, चारही पंजे आत, फक्त डोकं बाहेर. तिची पाठ तुमच्या पोटाला लागली पाहिजे, तोंड समोर. समोरून सिरिंज आणली की मांजर घाबरतं, म्हणून बाजूने या. सुळ्याच्या मागे जी फट असते तिथे सिरिंजचं टोक ठेवा आणि अर्धा ते एक मिली सोडा. थांबा. गिळलेलं दिसलं की पुढचा घोट. मान वर करून घशात ओतू नका, अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. खोकली, ठसका लागला तर लगेच थांबायचं. एका बैठकीला १० ते १५ मिली, दिवसातून पाच-सहा वेळा. ओठ चाटायला लागली, लाळ गळू लागली की बैठक संपली. मळमळत असताना जबरदस्तीने भरवलं तर ती त्या खाण्याचा धसका घेते आणि बरी झाल्यावरही त्याला तोंड लावत नाही.

किती द्यायचं? ३.४ किलोच्या मांजराला पडून राहायलासुद्धा दिवसाला साधारण १७५ किलोकॅलरी लागतात. पहिल्याच दिवशी एवढं भरू नका. आज पाव ते तिसरा हिस्सा, मग तीन-चार दिवसांत वाढवत पूर्ण. वहीत लिहीत जा, डॉक्टरांना तेच लागतं.

दूध नको. मोठ्या मांजराला दुधातली साखर सहसा पचत नाही, जुलाब झाले तर आहे ते पाणीही जाईल. उपाशी मांजरासाठी खास पातळ खाणं डब्यात मिळतं, दवाखान्यात किंवा शहरातल्या पेट शॉपमध्ये. ते मिळेपर्यंत मांजराचं ओलं पाकीट कोमट पाण्यात मिक्सरला फिरवून गाळून घ्या. खाणं अंगाइतकं कोमट हवं, मनगटावर थेंब टाकून बघा. फ्रीजमधलं गार देऊ नका, वासच सुटत नाही. मऊ आणि गुळगुळीत ठेवा, व्रणाला रवाळ लागतं.

कोणी चिकनचं पाणी सुचवेल, तर त्यात कांदा-लसूण नको. आपल्याकडे रस्सा म्हटला की दोन्ही आलेच, आणि दोन्हींनी मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. मीठ-मसालाही नाही.

तापीमाय (चोपडा)

माळकरी घराबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते. माझंही माहेर वारकरी. मांजर निसर्गतः मांसाहारी आहे. टॉरिन आणि आर्जिनिन ही मांसातली द्रव्यं तिला पुरेशी मिळावी लागतात आणि पोळी-भातात ती तिच्या गरजेइतकी नाहीत. टॉरिन कमी पडलं तर कालांतराने डोळे आणि हृदय बिघडतं. आजारात तर दूध-पोळीवर ती उभी राहणारच नाही. आईंना हे शांतपणे सांगून बघा. आमच्याकडे वरच्या खोलीत चिंगीसारख्याच मनीची वेगळी वाटी, वेगळा चमचा, वेगळं फडकं होतं. मिक्सरऐवजी काटा-चमच्याने कुस्करून गाळणीतून काढायचो. स्वयंपाकघराला काही लागत नसे.

बोरीकाठ

तापीमाय, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती एवढंच म्हणाली, "तिला देवाने तसंच केलंय तर तिला तेच दे. चुलीपाशी नको, बाकी कर." वरच्या खोलीत सोय केलीये. टॉवेलची युक्ती चालली, संध्याकाळी १२ मिली गेलं. रात्री वाटीतलं ओलं खाणं स्वतः दोन-तीनदा चाटलं आणि थांबली.

एक विचारायचं राहिलं. गल्लीत तिचं जुनं पिल्लू फिरतं, वर्षाचं. त्याला लागेल का? आणि सिरिंज किती दिवस चालवायची?

दवाखान्यातला_माणूस

लागू शकतं. कॅलिसिव्हायरस लाळेतून, शिंकेतून आणि वाटीवरून पसरतो आणि बऱ्याच दिवस जागेवर टिकतो. चिंगी पूर्ण बरी होईपर्यंत दोघांच्या वाट्या, जागा वेगळ्या. आधी चिंगीला भरवाल तर हात साबणाने धुऊनच त्याच्याकडे. फरशीला घरगुती द्रव ब्लीच एक भाग आणि पाणी बत्तीस भाग, दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसून वाळल्यावरच मांजर आत. ब्लीच आणि दुसरं कोणतंही क्लीनर एकत्र करू नका. पिल्लू धडधाकट असेल तर त्याची तीन आजारांची लस आणि रेबीजची लस धुळ्याच्या डॉक्टरांकडे विचारून आताच लावून घ्या. चिंगीची बरी झाल्यावर.

सिरिंजचं म्हणाल तर, ती गरजेच्या निम्मं स्वतः खायला लागली की बैठका कमी करत आणा. आणि उलट झालं, म्हणजे तीन-चार दिवसांत मनाने खाणं सुरूच झालं नाही, वजन उतरलं किंवा कान पिवळे दिसले, तर सिरिंज रेटत बसू नका. मानेतून अन्ननलिकेत नळी बसवतात, भूल देऊन, छोटं काम असतं. नळीतून आठवडे भरवता येतं, मांजराला त्रास कमी आणि घरच्यांनाही. धुळ्यात होत नसेल तर नाशिकला नेण्याची तयारी ठेवा, महामार्ग सरळ आहे. उद्याच्या भेटीत डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवा: नळीची वेळ आली तर कुठे पाठवाल, आणि भूक वाढवणारं औषध हिला चालेल का. भुकेची औषधं मेडिकलमधून माणसाच्या मात्रेत आणू नका, मांजराची मात्रा फार छोटी असते.